कुणाच्या नावाचा भात

२४ सप्टेंबर २००४, राजारामपुरी

सॅक भरून झाली. ही माझ्या मुलाची, प्रसेनजीतची सॅक, कॉलेजात असताना पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जायचा तेव्हाची. एक पट्टा तुटला होता, तो चपला शिवणाऱ्याकडून चामडं लावून घेतला. पाठीवर घालून आरशात पाहिलं. साठ वर्षांची बाई, वॉयलची साडी आणि मागे निळं गाठोडं. हसू यायला हवं होतं.

संध्याकाळी मंगळवार पेठेतून बाळासो आला. माझा धाकटा भाऊ, पण आवाजानं थोरला.

"आक्का, विहारातली समदी बोधगयेला निघाल्यात. एसी बस हाय, संगट आचारी हाय. आन् तू एकटी पाठीवर पोतं टाकून परदेशात मेल्याली माणसं बघाय चाललीस व्हय?"

मी म्हटलं, "बुद्धाचाच देश आहे तोही."

हे खरं आहे, पण पुरेसं खरं नाही. मे महिन्यात टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाले. त्यानंतर एकदा रविवारच्या पुरवणीत कंबोडियावर लेख आला होता. पंचाहत्तर ते एकोणऐंशी या चार वर्षांत तिथल्या राजवटीनं आपलीच लाखो माणसं मारली. आता त्या जागा जपून ठेवल्या आहेत, लोक जाऊन बघतात. मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. का, ते सांगता येत नाही. तरुण मुलं जातात तसं एकटीनं जावं, स्वस्त खोल्यांत राहावं, एवढंच ठरवलं.

मग बाळासोनं आवाज बारीक केला. त्याचा बारीक आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि माझी सून दीप्ती तर स्वयंपाकघरातच होती.

"आजऱ्याच्या मास्तरानं परत निरोप धाडलाय. धम्मपाल. बायकू जाऊन चार वर्सं झाली, मूलबाळ न्हाय. चांगला हाय माणूस. पोरगी तुझ्या तोंडाकडं बघून गप हाय. जलदान विधी करून टाकू की गं आता. मोकळं कर तिला."

"कुणाचा विधी?" मी विचारलं.

दीप्तीनं चहा आणला. साखर घालायची विसरली होती. आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला.

२६ सप्टेंबर, मुंबई

दीप्ती स्टँडवर आली होती. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या दिल्या. गाडी सुटताना म्हणाली, "आई, मला तुमच्याशी बोलायचं होतं." मी म्हटलं, "आल्यावर बोलू." ती मान हलवून खिडकीखाली उभी राहिली. बत्तीस वर्षांची आहे. क्लासमध्ये गणित शिकवते. सून म्हणून घरात आली आणि चौदा महिन्यांत प्रसेनजीतचं असं झालं.

असं झालं म्हणजे, तो भूजला नोकरीला होता. बहिणीच्या लग्नासाठी दीप्ती इकडे आली होती, त्याला रजा मिळाली नव्हती. २००१ च्या सव्वीस जानेवारीला सकाळी भूकंप झाला. मी ड्यूटीवर होते. दिवसभर भूजची लाइन लावत राहिले. पस्तीस वर्षं लोकांना माणसं जोडून दिली. त्या दिवशी लाइनवर नुसती खरखर होती.

बाळासो आणि मी पोचलो तोवर बिल्डिंगचा ढिगारा बुलडोझरनं हलवला होता. सापडलेल्यांना एका मैदानावर एकत्रच अग्नी दिला होता. कुणी म्हणालं, तो त्यातच होता. कुणी म्हणालं, दोन पोरांना बेशुद्ध अवस्थेत जामनगरला नेलं. जामनगरला तो नव्हता. पण जामनगरहून पुढेही रुग्णांना पाठवलं होतं. डोक्याला मार लागला की माणूस नाव विसरतो, असं डॉक्टरच सांगतात. मी अजून इस्पितळांना फोन करते. सगळ्यांना वाटतं, मी ते बंद केलं आहे.

१ ऑक्टोबर, सिएम रीप

बँकॉकहून बसनं कंबोडियात आले. रस्ता म्हणजे चिखल. इथली प्रचंड देवळं पाहिली. दगडातले चेहरे शांत हसतात. छान आहेत.

गावाबाहेर एका विहाराच्या आवारात काचेची छोटी समाधी आहे, आत हाडं आणि कवट्या. पाहिली. काही वाटलं नाही. मग नूडल्सचं सूप खाल्लं आणि दोन ब्लाउज धुतले. इथल्या दमटपणात काही वाळत नाही.

५ ऑक्टोबर, नॉम पेन

राहण्याची जागा बरी मिळाली. वर चार खोल्या, खाली मालकीण आणि तिचा नवरा. मालकीण सोखोम, माझ्याच वयाची, काटक. परदेशी पोरापोरींशी बोलून मोडकंतोडकं इंग्रजी शिकली आहे. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी तिला फार जड जातं. म्हणाली, "तू सिनेमातल्या राणीसारखी बोलतेस. मला भाजीवालीसारखं सांग."

माझी सॅक उचलून पाहिली. "आत काय आहे? नवरा?"

मी म्हटलं, नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली.

"माझे दोन," ती म्हणाली. "एक मेला, एक आळशी. दोघांनाही मीच पोसते."

आळशी म्हणजे वुथी. तो पायरीवर बसून मोटारसायकल पुसत होता. आपल्यावरच काहीतरी चाललं आहे हे ओळखून त्यानं हात वर केला. मेलेल्या नवऱ्याला कशी पोसते, ते मी विचारलं नाही. भाषेची गडबड असेल.

७ ऑक्टोबर

काल आणि आज तुओल स्लेंगला गेले. ही मुळात शाळा होती. त्या राजवटीनं तिचा तुरुंग केला. इथे आणलेली माणसं जवळजवळ कुणीच परत गेली नाहीत.

तीन मजली इमारत, लांब व्हरांडे, पिवळ्या-पांढऱ्या फरश्या. आमच्या कॉन्व्हेंटचे वर्ग असेच होते. पावसाळ्यात सिस्टर आम्हाला व्हरांड्यातच ड्रिल करायला लावायच्या. माझ्या नव्या कॅनव्हासच्या बुटांचा फरशीवर चुकचुक आवाज यायचा. आमच्या वस्तीतली मी एकटीच त्या शाळेत होते आणि तो आवाज मला फार आवडायचा. एका वर्गात फळा तसाच आहे. समोर लोखंडी खाट.

खालच्या खोल्यांत फोटो आहेत. आणल्यावर प्रत्येकाचा फोटो काढत. भिंती भरून चेहरे. बायका, म्हातारे, तान्ही मुलं घेतलेल्या आया, बरीचशी तरुण मुलं. बाकीचे लोक एका खोलीतून पटकन बाहेर पडत होते, तोंडावर रुमाल धरून. मला तसं काही होत नव्हतं. मी रांगेनं एकेक चेहरा पाहत होते. घाई केली तर एखादा राहून जाईल असं वाटत होतं. काल निम्मेच झाले, म्हणून आज परत गेले.

आमच्या गेस्ट हाउसमधली आयरिश मुलगी तिथे भेटली. डोळे रडून लाल झालेले. मला म्हणाली, "तुम्ही कुणाला शोधताय का?"

मी म्हटलं, "छे, मी तर इंडियाची."

९ ऑक्टोबर

वुथीनं मोटारसायकलीला गाडी जोडून मला चोउंग एकला नेलं. गावाबाहेरचं शेत. तुरुंगातून माणसांना इथे आणून मारत. आता खड्ड्यांवर गवत आहे. पाऊस झाला की मातीतून कापडाच्या चिंध्या वर येतात. मी पाहिल्या. एक चौकड्यांची होती.

मधोमध उंच स्तूप आहे. लांबून पांढरा दिसला आणि पाय आपोआप चालू लागले. चपला काढल्या, उदबत्त्या लावल्या, हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. चैत्यभूमीवर म्हणते तसंच. तीन प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा खाली बघत होते. मग वर पाहिलं. स्तूपाला काच आहे आणि आत वरपर्यंत फळ्यांवर कवट्या. स्तूपात अस्थी असतात, हे लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या अशा बघायच्या नसतात.

फळ्यांवर चिठ्ठ्या आहेत. बायका, पुरुष, वयं. वीस ते चाळीस वयाच्या पुरुषांसमोर मी बराच वेळ उभी होते. दात बघत होते. प्रसेनजीतचा पुढचा एक दात अर्धा तुटला होता, विटी लागून. इथेही दोघांचे तसे होते. असे दात पुष्कळांचे असतात.

परत आल्यावर भूक लागली होती. वुथीनं वाटेत मका घेऊन दिला. खाल्ला. मला काय झालं आहे? सगळे जण रडतात त्या ठिकाणी मी दात बघते आणि मका खाते. दीप्तीनं एकदा म्हटलं होतं, "आई, तुम्ही एकदा तरी मोठ्यानं रडा." मी म्हटलं, कशाला, तो यायचा आहे. त्यावर ती उठून आत गेली होती.

११ ऑक्टोबर

इथे प्चुम बेन नावाचा पंधरवडा चालू आहे. घरोघर गडबड. दुपारी खाली गेले तर सोखोम आणि वुथी परातीत चिकट भात घेऊन बसलेले. मलाही बसायला सांगितलं. सोखोमनं माझ्या हातावर भात ठेवला, त्यात तीळ होते, आणि गोळा वळून दाखवला. मी वळला. कशासाठी, विचारलं.

"मेलेल्यांसाठी. या दिवसांत ते उपाशी फिरतात. सात देवळं शोधतात. कुठे आपल्या माणसानं भात टाकलाय, ते बघतात."

मी हात झटकून उठले.

भाद्रपद! मी तारखेकडे पाहिलंच नव्हतं. इकडे कोल्हापुरातही पितृपंधरवडा चालू असेल. आणि हे तिळाचे पिंड माझ्या हातात, बुद्धाच्या देशात!

छप्पन साली नागपूरला आप्पांचा हात धरून मी उभी होते. बारा वर्षांची. बाबासाहेबांनी एकेक प्रतिज्ञा दिली आणि एवढ्या अफाट लोकांबरोबर मीही म्हटली. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. परत आल्यावर आप्पांनी घरातले देव, पूर्वजांचे टाक, सगळं फडक्यात बांधून पंचगंगेत सोडलं. पुढच्या भाद्रपदात आईनं सवयीनं जास्तीचा भात लावला. आप्पा तिला काही बोलले नाहीत. सगळा भात स्वतः जेवले.

मी सोखोमला सांगितलं, "आमच्यात हे चालत नाही."

"तू बुद्धाचीच ना?"

"हो. पण आम्ही शपथ घेतली आहे. मेलेल्यांना भात नाही."

"मग तुमचे मेलेले काय खातात?"

मी म्हटलं, "आम्ही पाणी देतो. ताटलीत तांब्यानं पाणी ओततो, ते काठावरून वाहतं. भन्तेजी पालीत म्हणतात. आपलं पुण्य त्यांना पोचतं."

"फक्त पाणी?" तिनं वुथीला सांगितलं. तो काहीतरी बोलला आणि ती खो-खो हसली. "तो म्हणतो, इंडियातले मेलेले बारीक व्हायला बघतात."

मलाही हसू आलं. खरं हसू. मग मी परत बसले, नुसती.

वुथी वेगळ्या वाटीत पांढरे गोळे वळत होता, तीळ न घालता. ते कुणाचे, विचारलं.

"माझ्या पहिल्याचे," सोखोम म्हणाली. "तीळ दातात अडकले की तो चिडायचा. वुथी दर वर्षी आठवणीनं वेगळे करतो." मग काळ्याकुट्ट तिळांच्या गोळ्यांकडे बोट केलं. "आणि हे वुथीच्या पहिल्या बायकोचे. ते मी करते."

तिचा पहिला नवरा सत्त्याहत्तर साली रात्रपाळीच्या कामाला म्हणून नेला. कुठे पडला, तिला ठाऊक नाही. तीन वर्षं ती रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रकजवळ जायची. मी विचारलं, मग थांबलीस कशी? तिला इंग्रजी सापडेना. शेवटी म्हणाली, "तो उपाशी होता. मी ट्रक बघत होते."

हे मला पटलं नाही. तीन वर्षं म्हणजे काही जास्त नाहीत.

१२ ऑक्टोबर

उजाडायच्या आत सोखोमबरोबर गेले. फक्त बघायला, असं तिला बजावलं होतं. देवळाभोवती बायका हातात मेणबत्त्या आणि गोळ्यांचे वाडगे घेऊन फिरत होत्या. नाव घ्यायचं आणि गोळा अंधारात टाकायचा.

तिनं तिची माणसं केली. मग मला म्हणाली, "तुझे कोण? तू टाकू नकोस. तू फक्त नाव सांग, मी टाकते." यात शपथ मोडत नाही असं मला वाटलं. मी आप्पांचं नाव सांगितलं. तिनं वेडंवाकडं उच्चारलं आणि गोळा टाकला. मग आईचं. मग प्रसेनजीतच्या बाबांचं.

"झाले?"

"झाले."

वाडग्यात एक राहिला होता. तो उचलून ती म्हणाली, "हा त्यांचा. ज्यांचं नाव घ्यायला कुणी आलं नाही त्यांचा."

भूजला त्या मैदानावर एक माणूस मला म्हणाला होता, 'बहेनजी, ये सब लावारिस थे.' हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बाळासो तेव्हा पाणी आणायला गेला होता.

मी सोखोमचं मनगट धरलं. बहुतेक जोरात, कारण ती कळवळली. मी मराठीत बोलत होते. "तो लावारिस नाही. त्याला आई आहे. प्रसेनजीत नाव आहे त्याचं, प्रसेनजीत." गोळा तिच्या हातातून घेतला आणि माझ्याच हातानं टाकला.

आप्पा, शपथ मोडली.

त्यानंतर काही झालं नाही. एक कुत्रं आलं आणि त्यानं तो खाल्ला. आम्ही चालत घरी आलो. सोखोमच्या मनगटाला मी तेल लावून दिलं. ती म्हणाली, "राणीच्या हातात बळ आहे."

मी दिवसभर झोपले.

१३ ऑक्टोबर

दुकानातून घरी फोन लावला. दीप्तीनं उचलला. "आई! जेवताय ना? सगळं नीट आहे ना?"

मी म्हटलं, "चोवीस तारखेला रविवार आहे. भन्तेजींना सांगून ठेव. बाळासोला सांग."

पलीकडून आवाज नाही. लाइन चालू होती, मला ते बरोबर कळतं.

"आणि त्या आजऱ्याच्या सरांनाही बोलाव. ते आले नाहीत तर मी विधी करणार नाही."

"त्यांना कशाला, आई?" तिचा आवाज चिरकला. "ते बरं दिसेल का?"

बरं दिसणार नाही, हे मलाही कळतं. तरी म्हटलं, बोलाव.

२४ ऑक्टोबर, राजारामपुरी

सकाळी माणसं जमली. प्रसेनजीतच्या फोटोला हार घातला. दीप्तीनं आणला होता, घातला मी. फोटो वेगळाच दिसायला लागला, कुणा दुसऱ्याच्या घरातला असावा तसा.

धम्मपाल सर आले. उंच, वाकून चालणारे, टक्कल पडायला लागलेलं. "जय भीम, मावशी," म्हणून दाराजवळच उभे राहिले. कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. बाळासो म्हणाला, "या पावणं, खुर्चीत बसा निवांत."

मी म्हटलं, "खुर्चीत नको. इकडे सतरंजीवर या. दीप्तीबरोबर तांब्याला हात लावा."

माझी नणंद शेजारणीच्या कानाला लागली. बाळासो म्हणाला, "आक्का, काय लावलंस ह्ये? माणसं काय म्हणतील?"

सर घाबरलेच. "मी? मावशी, मी त्यांचा कोण?"

"अजून कुणी नाही," मी म्हटलं. "पण तुम्ही हिला नेलंत की हाही तुमच्या घरी राहायला येणार. रोज येणार. ओळख असलेली बरी."

दीप्तीनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिनं माझ्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं, किंवा मी तिच्याकडे.

सर आले आणि मांडी घालून बसले. तांब्याला तिघांचे हात. भन्तेजींनी गाथा सुरू केली. पाणी ताटलीत पडू लागलं, काठापर्यंत आलं, वाहिलं. दीप्ती मोठ्यानं रडली. लहान मुलीसारखी, तोंड उघडं टाकून. सरांचेही डोळे भरले होते. त्यांना त्यांची बायको आठवली असेल. बाळासो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मला रडू आलं नाही. पाणी सतरंजीवर पसरत होतं म्हणून पुसायला फडकं आणायला उठले. मोरीत गेले आणि शोधत राहिले. बराच वेळ झाला असावा, कारण दीप्ती मागून आली. फडकं म्हणे समोरच दोरीवर होतं, माझ्या नाकाशी. मला ते दिसतच नव्हतं.